किटची वाईन निवळायला किती पैसे लागतात?

तारापूर एमआयडीसीतल्या लॅबमध्ये तीस वर्षं काढली की बेटेगावात माणूस निवृत्त होत नाही, सोसायटीचा सल्लागार होतो. टाकीच्या पाण्याचा टीडीएस किती, जिन्यातला डाग कशाने जाईल, सगळं माझ्याकडे येतं. गेल्या दिवाळीत खालच्या मजल्यावरच्या मुलाने मोबाइल पुढे केला. वाईनचं किट, ऑनलाइन. "काका, मागवू का? यात पावडरी दिल्यात, त्याने वाईन निवळते म्हणे."

त्याला दिलेलं उत्तर आधी सांगतो. इथे मागवू नकोस. महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा त्याखाली गुन्हा आहे. विकायची नाही, घरच्या घरी प्यायची आहे, तरीही. अनेकांची इथे गल्लत होते, कारण 100 रुपयांचा वार्षिक किंवा 1,000 रुपयांचा आजन्म परवाना त्यांच्या पाकिटात असतो. तो पिण्याचा परवाना आहे, करण्याचा नाही.

मग हे लिहितोय कुणासाठी? पालघर-बोईसरची निम्मी मुलं आता कॅनडा-अमेरिकेत आहेत आणि आईवडील सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. कॅनडात स्वतःच्या घरासाठी वाईन करायला मुभा आहे, विकायला नाही. अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन चालतात. मी गेल्या हिवाळ्यात लेकीकडे ब्रॅम्प्टनला होतो. जावयाने किट आणलं आणि निवळण्याचं खातं माझ्याकडे दिलं. खालचे आकडे त्या बिलांचे आहेत, दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील. डॉलर कॅनडाचा, हिशेबाला मी साठ-बासष्ट रुपये धरले आहेत.

किट 110 डॉलर. त्यात द्राक्षाचा आटवलेला रस, यीस्ट आणि चार-पाच पुड्या. पाणी घालून 23 लिटर होतं, म्हणजे 30 बाटल्या. बादली, काचेचा कारबॉय म्हणजे मोठा बुधला (कारबॉय हा शब्द बोईसरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही), सायफनची नळी, एअरलॉक, हायड्रोमीटर मिळून 120, पण ते एकदाच. बुचं 30, डॉलर 10. बाटल्या शेजारपाजारच्या, धुऊन घेतलेल्या, फुकट. म्हणजे सामान सोडलं तर बाटली 4 डॉलरला पडली, अडीचशे रुपयांच्या आत. ज्यांना घरात पसारा नको त्यांच्यासाठी ओंटारिओत अशी दुकानंच आहेत. यीस्ट तुम्ही तुमच्या हाताने टाकायचं, मधलं सगळं ते बघतात, बाटल्या भरायला तुम्ही जायचं. त्याचे जादा पैसे पडतात, पण मी सांगणार आहे ती फजिती टळते.

पैसे वाया जातात ते निवळण्यात. का, ते आधी समजून घ्या.

आंबताना साखरेची दारू होते आणि बरोबरीने कार्बन डायऑक्साइड सुटतो. एअरलॉकमधून बुडबुडणारा हाच गॅस. शाळेत चुन्याच्या निवळीत सोडून ती दुधाळ करून दाखवायचे, तोच. बराचसा उडून जातो, पण काही वाईनमध्ये विरघळून राहतो, आणि वाईन जितकी थंड तितका जास्त राहतो. दुसरीकडे वाईनमध्ये मेलेलं यीस्ट आणि प्रथिनांचे बारीक कण तरंगत असतात. ते खाली बसवायला किटमध्ये पुड्या असतात. पहिल्या दिवशी बेंटोनाइट, म्हणजे एक प्रकारची चिकणमाती. शेवटी किसेलसॉल, ही सिलिका, ऋण भाराची. तिच्यामागून कायटोसान, धन भाराचं. तुरटी फिरवल्यावर पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळतं त्यातलाच हा प्रकार: विरुद्ध भार एकमेकांना धरतात, कणांचे गोळे होतात, जड होऊन तळाला जातात. पण वाईनमध्ये गॅस असेल तर त्याचे बुडबुडे या गोळ्यांना चिकटून पुन्हा वर आणतात. पुडी काम करत असते, गॅस ते उलटवत असतो.

हे सगळं मला माहीत होतं. तरी चुकलो.

जानेवारीत कारबॉय तळघरात ठेवला होता, तिथे 15 अंश. हायड्रोमीटर 0.994, तीन दिवस तोच आकडा, म्हणजे आंबणं संपलं. (हा आकडा स्थिर झाल्याशिवाय पुढचं काही करू नका. साखर उरलेली असताना बाटलीत भरली तर बाटली फुटते. सोबतची सॉर्बेटची पुडी चालू असलेलं आंबणं थांबवत नाही.) मी दोन मिनिटं चमचा फिरवला, पुड्या घातल्या आणि आठ दिवस वाट पाहिली. वाईन पहिल्या पावसातल्या सूर्या नदीसारखी. मग निवळण्याचं वेगळं पाकीट आणलं, 4 डॉलर. फरक शून्य. मग गॅस ओढायचा हातपंप आणला, 50 डॉलर. बायको म्हणाली, एवढ्यात दुकानातून आयत्या बाटल्या आल्या असत्या.

शेवटी करायला हवी होती ती तपासणी केली, तिला पैसा लागत नाही. परीक्षानळी अर्धी भरली, तोंडावर अंगठा दाबून जोरात हलवली आणि अंगठा काढला. सोड्याच्या बाटलीसारखा "फट्ट" आवाज. गॅस जागच्या जागी होता. बाहेर पडणार कसा? वाईन थंडगार होती.

कारबॉय दोघांनी खालून धरून वर स्वयंपाकघरात आणला. मान धरून उचलायचा नाही, काच तिथेच जाते. दिवसभरात वाईन 22 अंशांवर आली. मग ड्रिलला लावायची रवी आणली, 30 डॉलर. रवीच ती, फक्त प्लास्टिकची आणि मिटून बुधल्याच्या तोंडातून आत जाणारी. जावयाने ड्रिल पूर्ण वेगात सोडलं. अर्ध्या सेकंदात लाल फेस तोंडातून वर, ओट्यावर, फरशीवर, त्याच्या मोज्यांवर. लेकीने आम्हा दोघांना पोछा दिला.

दुसऱ्या खेपेला शिकलो. आधी लिटरभर वाईन काढून ठेवा. ड्रिल अर्ध्या वेगात, पाच-दहा सेकंद एका दिशेने, मग उलट. भोवरा पडू देऊ नका, भोवऱ्यातून हवा आत जाते आणि हवेने वाईन बिघडते. फेस पांढरा आणि मोठ्या फुग्यांचा झाला, चटकन विरू लागला की पुरे. तरी अंगठ्याची तपासणी झाल्याशिवाय थांबू नका. आम्हाला तीन पाळ्या लागल्या. ड्रिल नसेल तर लांब दांड्याचा चमचा चालतो, खर्च शून्य, फक्त दोन दिवस हात दुखतो. हातपंप वाईट नाही, पण प्लास्टिकच्या कारबॉयला लावू नका, तो आत पिचकतो. 250 डॉलरचं फिल्टर मशीनही दुकानदाराने दाखवलं होतं. मी नको म्हटलं ते बरं झालं: फिल्टर गॅस काढत नाही, आणि गढूळ वाईनने त्याच्या चकत्या पहिल्या दोन लिटरमध्येच तुंबतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या बोटभर थरातून पलीकडची भिंत दिसत होती. आठवड्याने कारबॉयच्या मागे वर्तमानपत्र धरलं तर मथळा वाचता आला. वेगळं पाकीट आणि पंप मिळून 54 डॉलर, तीन हजार रुपयांच्या वर, पाण्यात गेले.

शाकाहारी घरात एक गोष्ट आधी विचारा. कायटोसान सहसा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून करतात. काही किटमध्ये त्याऐवजी आयसिंग्लास असतं, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून. आपल्याकडे घोळ माशाच्या याच पिशवीला भोत म्हणतात. 2021 मध्ये मुरब्याच्या एका बोटीच्या 157 घोळींचा लिलाव 1 कोटी 33 लाखांना गेला तो या भोतामुळेच, आणि ते वाईन निवळायला वापरतात हेही तेव्हा बातम्यांत आलं होतं. ज्यांना हे नको त्यांनी फक्त बेंटोनाइट घ्यावं आणि दोन-तीन महिने थांबावं. वेळेला पैसे पडत नाहीत. कोळंबीची ॲलर्जी असेल त्यांनीही हाच रस्ता धरावा.

फळांच्या किटची गोष्ट वेगळी. तिथे गॅस काढला, पुड्या घातल्या तरी धूसरपणा राहिला तर तो पेक्टिनचा असू शकतो. एक भाग वाईनमध्ये चार भाग मिथिलेटेड स्पिरिट घालून बघा. जेलीसारखे तंतू दिसले तर पेक्टिन, आणि त्यावर पेक्टिनेज एन्झाइमच चालतं. हा नमुना टाकून द्यायचा, चाखायचा नाही, ते विष आहे.

खालच्या मजल्यावरच्या मुलाला मी शेवटी बोर्डीचा पत्ता दिला. तिथे परवाना असलेली वायनरी चिकूपासून वाईन करते, तुझी हौस तिथे फिटेल म्हटलं.

आमच्या बाटल्या 30 नाही, 29 झाल्या. सायफन साक्याच्या दोन बोटं वर असतानाच थांबवायचा असतो. मी आणखी अर्धा लिटर ओढायला गेलो आणि नळीतून राखाडी चिखल आला. ती तिसावी बाटली जावयाने मटणाच्या रश्श्यात ओतली.