बॅकअप घेण्याआधी

चि. अनघास,


जुन्या सर्व्हरचा बॅकअप टारने घेऊ, सीपीआयओने की सरळ डंपने, असं विचारलं आहेस. कुठलं साधन घ्यायचं ते त्या मशीनवर काय आहे त्यावरून ठरतं. साध्या फाइली कोणीही सांभाळेल. साधनाची परीक्षा होते ती डिव्हाइस फाइलींवर.

'एलएस -एल' देऊन /डेव्ह/नल बघ. ओळीचं पहिलं अक्षर 'सी' असेल आणि जिथे आकार दिसायचा तिथे '१, ३' असेल. डिस्कच्या /डेव्ह/एसडीए पुढे 'बी' आणि '८, ०' दिसेल. त्या फाइलीत मजकूर नसतोच. असतो तो प्रकार आणि दोन क्रमांक: मेजर क्रमांकावरून कर्नलला ड्रायव्हर कळतो, मायनरवरून त्या ड्रायव्हरने नेमकं कुठलं उपकरण घ्यायचं ते. बॅकअपमध्ये एवढंच उतरायला हवं. एखाद्या साधनाने फाइल उघडून वाचायला घेतली, तर /डेव्ह/झिरो कधी संपणारच नाही आणि /डेव्ह/एसडीएच्या जागी अख्खी डिस्क अर्काइव्हमध्ये येऊन पडेल. डिस्कच हवी असेल तर त्यासाठी डीडी आहे. ते काम वेगळं.

जुनी मंडळी सीपीआयओचा आग्रह का धरायची, याचं उत्तर इथेच आहे. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समधला टार डिव्हाइस फाइली घेतच नसे, आणि सीपीआयओ घेत असे. १९८८च्या पॉसिक्समधल्या यूस्टार स्वरूपात कॅरॅक्टर आणि ब्लॉक डिव्हाइससाठी वेगळे प्रकार आले, मेजर-मायनरसाठी रकाने आले आणि ती तक्रार मिटली. आज ग्नू टार बिनधास्त वापर. मी तुझ्या जागी असतो तर तोच घेतला असता.

फाइंडने निवडून मोजक्याच फाइली घ्यायच्या असतील तर सीपीआयओ सोयीचा, पण '-एच न्यूसी' दिल्याशिवाय चालवू नकोस. ग्नू सीपीआयओ आपणहून जुनं बायनरी स्वरूप वापरतो आणि त्यात डिव्हाइस क्रमांकाला फक्त १६ बिट मिळतात. लिनक्स २.६पासून मेजरला १२ आणि मायनरला २० बिट आहेत. मोठा क्रमांक त्यात मावायचा नाही. न्यूसीत दोघांना स्वतंत्र जागा आहे. कर्नलचं इनिटरॅमएफएस याच स्वरूपात असतं. डंप आयनोडच वाचतो, त्यामुळे डिव्हाइस फाइली आपोआप येतात. पण तो एक्स्ट घराण्यापुरता, एक्सएफएसला एक्सएफएसडंप लागतो, आणि चालू फाइलसिस्टिमवर मी तरी त्याच्यावर भिस्त ठेवणार नाही.

आणखी एक. आजच्या लिनक्सवर मुख्य /डेव्ह ही डेव्हटीएमपीएफएस असते, मेमरीत, दर बूटला नव्याने तयार होणारी. तिचा बॅकअप घेण्यात अर्थ नाही. टारला '--वन-फाइल-सिस्टम' दिलंस की ती आपोआप वगळली जाते. जपायच्या त्या क्रूटच्या आतल्या डेव्ह डिरेक्टरीतल्या फाइली. नेमसर्व्हरसारखी सेवा क्रूटमध्ये कोंडलेली असली की तिला तिथे स्वतःची नल आणि रँडम लागते. त्या परत आल्या नाहीत तर सेवा उठताना अडखळते, आणि आपण उगाच कॉन्फिगरेशन उकरत बसतो.

रिस्टोअर रूटनेच कर, कारण डिव्हाइस फाइल बनवायला तो अधिकार लागतो. ज्या पार्टिशनवर उतरवशील ते 'नोडेव्ह' लावून माउंट केलेलं नाही ना, तेही पाहा. तसं असेल तर फाइली दिसतील, पण उघडणार नाहीत.

बॅकअप झाला की 'टार -टीव्हीएफ'ने यादी काढ, 'सी' आणि 'बी'ने सुरू होणाऱ्या ओळींचे क्रमांक मूळ मशीनशी ताडून बघ आणि एकदा रिकाम्या मशीनवर सगळं उतरवून क्रूटमधली सेवा चालू कर. ती चालल्याचं मला कळव, मगच जुना सर्व्हर बंद कर.

तुझा,
मामा