इंजेक्शन घेऊनही रिपोर्टमध्ये इन्सुलिन कमी कसं?

प्रश्न : आईला रोज रात्री ग्लार्जिन इन्सुलिन चालू आहे. परवा तिची साखर ५२ पर्यंत उतरली, तरी त्याच वेळच्या रक्तात इन्सुलिन अगदी कमी निघालं. इंजेक्शन वाया गेलं का?

उत्तर : तसं समजू नका. त्या तपासणीला आईंचं इन्सुलिन दिसलंच नसेल, ही शक्यता मोठी आहे.

मानवी इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं असतात. ग्लार्जिनमध्ये त्यातलं एक बदललेलं आणि दोन जादा जोडलेली असतात; म्हणून ते कातडीखालून सावकाश रक्तात उतरतं. लॅबची नेहमीची तपासणी अँटिबॉडीवर चालते. ती रेणूचा ठरावीक भागच ओळखते आणि तोच भाग बदललेला असला की फसते. काही किट असं इन्सुलिन पूर्ण मोजतात, काही अर्धवट, काही मुळीच नाही.

यासाठी वेगळी तपासणी घडवावी लागते. अँटिबॉडी लावलेल्या बारीक मण्यांवर रक्तद्रवातलं इन्सुलिन पकडायचं आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणूंच्या वजनावरून ते कोणतं, हे ओळखायचं. ग्लार्जिन शरीरात लगेच तुटतं, त्यामुळे रक्तात शोधायचा तो मुख्यतः त्याचा 'एम-१' हा अवशेष. लिस्प्रो हे दुसरं बदललेलं इन्सुलिन ओळखणं त्याहून अवघड. त्यात शेजारच्या दोन अमिनो आम्लांची फक्त अदलाबदल असते. वजन मानवी इन्सुलिनइतकंच भरतं. मग रेणू फोडून तुकडे तपासावे लागतात. शिवाय नमुन्यात तांबड्या पेशी फुटल्या असतील तर त्यांतलं एन्झाइम इन्सुलिन नष्ट करतं आणि आकडा खोटा कमी येतो.

तुम्ही एवढं करा :

• साखर ७०च्या खाली गेली की आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. इन्सुलिनच्या रक्ततपासणीसाठी थांबू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट रुग्णालय गाठा.

• रक्त देताना इन्सुलिनचं नाव, युनिट आणि घेतल्याची वेळ सांगा. पेनचा फोटो दाखवा. हे इन्सुलिन तुमच्या किटमध्ये मोजलं जातं का, असं स्पष्ट विचारा.

• डॉक्टरांना सी-पेप्टाइडबद्दल विचारा. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हाच तो तयार होतो. साखर उतरलेली असताना तोही दबलेला असेल, तर जादा इन्सुलिन स्वादुपिंडातून आलेलं नाही.

रिपोर्टमध्ये इन्सुलिन कमी दिसलं म्हणून मात्रा मात्र वाढवू नका. मात्रा ठरते साखरेच्या नोंदींवरून. आईंचं जेवण चुकलं होतं का, मूत्रपिंडाचं काम मंदावलं आहे का, हे आधी पाहायला हवं. याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या.