दगड की हाड?



गेल्या वर्षी आपल्या नववीच्या एका मुलाच्या दंडाच्या हाडात पोकळी निघाली. ती खरवडून आत 'कृत्रिम हाड' भरावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, पोराच्या हातात दगड भरणार म्हणे. सही करू का नको?" सही करा किंवा करू नका, हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु तो पदार्थ काय असतो हे समजावणे शिक्षकाचे काम आहे. त्यांना जे सांगितले, तेच येथे देत आहोत.

आपल्या वर्गातली फरशी शहाबादी आहे. शहाबाद आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलेच. तो चुनखडीचा दगड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. हाडातही कॅल्शियम असते, पण ते मुख्यतः फॉस्फेटच्या रूपात. त्या खनिजाला हायड्रॉक्सीॲपेटाइट म्हणतात. त्यासोबत कोलॅजन नावाचे प्रथिन असते. खनिजामुळे हाड कठीण राहते, कोलॅजनमुळे ते चटकन तुटत नाही.

लहान मोड हाड स्वतः भरून काढते. मोठी पोकळी मात्र त्याला भरता येत नाही. तेव्हा रुग्णाच्याच कमरेचे हाड काढून भरतात. त्यात जिवंत पेशी असल्याने ते उत्तम. परंतु दुसरी जखम होते आणि हाडही मोजकेच मिळते.

म्हणून शोध सुरू झाला. १८९२ मध्ये जर्मनीत ड्रीसमन यांनी हाडाच्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरले. १९६९ मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाला घट्ट चिकटणारी काच बनवली. १९७४ मध्ये प्रवाळातील कार्बोनेटचे फॉस्फेट करून, त्याची छिद्रे तशीच ठेवण्याची रीत प्रसिद्ध झाली. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हायड्रॉक्सीॲपेटाइटवर काम केले, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील प्रथिनावर.

छिद्रे कशासाठी? स्लॅब भरताना गवंडी सेंटरिंग लावतो व काँक्रीट पक्के झाले की काढतो. हे पदार्थही तसेच. छिद्रांतून रक्तवाहिन्या व पेशी आत शिरतात आणि नवे हाड रचतात. फरक एवढाच की हे सेंटरिंग बहुधा शरीरच हळूहळू काढते. प्लास्टर काही आठवड्यांत विरघळते, भट्टीत पक्के केलेले हायड्रॉक्सीॲपेटाइट वर्षानुवर्षे राहते. विरघळणे फार लवकर झाले तर पोकळी उरते. म्हणून योग्य पदार्थ निवडावा लागतो.

हे पदार्थ सुरुवातीला भार सोसत नाहीत. जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा लागतो.

त्या पालकांना आम्ही तीन प्रश्न लिहून दिले : कोणता पदार्थ भरणार? तो किती दिवसांत विरेल? हात किती दिवस जपायचा? उत्तरे मिळाल्यावर त्यांनी सही केली. आता मुलगा त्याच हाताने फळ्यावर लिहितो. कबड्डीला मात्र डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही.

करून पाहा : ज्यांच्या घरी चालते त्यांनी कोंबडीचे बारीक हाड धुऊन आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवावे. ते वाकते का पाहावे. व्हिनेगरने काय नेले व काय उरले, हे वहीत लिहून आणावे.