दुधाळ तेल : इंजिन उघडण्यापूर्वी काय पाहावे?



धार व देवास भागातील आपल्या कुटुंबांपैकी कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोणाच्या विहिरीवर डिझेल पंप आहे, तर कोणाच्या दारी जुनी जीप किंवा मारुती आहे. गव्हाच्या पेरणीच्या तोंडावर इंजिनाची ऑइल-पट्टी बाहेर काढावी आणि तिच्यावर काळ्या तेलाऐवजी दुधाच्या चहासारखा रंग दिसावा, म्हणजे पोटात गोळाच येतो. अशा वेळी दोन प्रकारची माणसे आमच्या पाहण्यात येतात. एक म्हणतो, "थंडीत असे होतेच," आणि इंजिन तसेच चालवून जाम करून बसतो. दुसरा घाबरून लगेच हेड उघडायला लावतो आणि नसलेल्या रोगावर हजारो रुपये घालवतो. दोघांचेही नुकसान टळावे म्हणून आजचा पाठ.

तेल दुधाळ का होते?

तेलात पाणी गेले म्हणून. तेल आणि पाणी एरवी वेगळे राहतात, परंतु इंजिनाचा क्रँक मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेतो. रवीने ताक घुसळावे तसे तो दोघांना घुसळून एकजीव करतो. मग खरा प्रश्न एकच उरतो : हे पाणी आले कोठून? त्याच्या वाटा तीन.

पहिली वाट वाफेची. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. त्याची वाफ बहुतेक सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून खाली तेलात उतरते. इंजिन चांगले तापले की ती उडून जाते. पौष-माघातील थंडीत गाडी रोज दोन किलोमीटर बाजारापर्यंत नेऊन परत आणली, तर इंजिन तापतच नाही आणि वाफ झाकणाखाली सायीसारखी साठते. सीएनजीवरील गाडीत पाणी अधिक तयार होते, म्हणून तेथे ही साय लवकर दिसते. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. असे इंजिन हिवाळ्यात कायम थंड राहते आणि साय धरते.

दुसरी वाट थंड पाण्याच्या कप्प्यातून. हेड गॅस्केट जळणे, हेडला किंवा ब्लॉकला तडा जाणे, ऑइल कूलर फुटणे ही तिची कारणे. ट्रॅक्टरच्या पुष्कळ इंजिनांत लायनरभोवती सरळ पाणीच खेळते व खाली रबरी रिंगा ते अडवून धरतात. त्या रिंगा कुजल्या की पाणी चेंबरमध्ये झिरपते. निमाडातून माल भरून गणपती घाट चढताना ज्याचे इंजिन एकदा उकळले, त्याने नंतरचे काही दिवस पट्टीवर विशेष नजर ठेवावी.

तिसरी वाट बाहेरची. पावसाळ्यात रपट्यावरील पाण्यात गाडी घालणे, किंवा ट्रॅक्टर उघड्यावर ठेवल्याने उभ्या सायलेन्सरमधून पावसाचे पाणी आत जाणे. हवेने थंड होणाऱ्या आयशर ट्रॅक्टरच्या इंजिनात रेडिएटरच नसतो. तेथे तेल दुधाळ झाले तर गॅस्केटमधून पाणी आले असे कोणी सांगितल्यास मानू नये. दोष वाफेचा किंवा बाहेरील पाण्याचाच असणार.

घरच्या घरी परीक्षा

पुढील परीक्षा इंजिन रात्रभर थंड झाल्यावर, सपाट जागेवर व क्रमाने कराव्यात.

१. झाकण आणि पट्टी दोन्ही पाहा. झाकणाखाली साय असून पट्टीवरील तेल स्वच्छ असेल, तर बहुधा वाफच. पट्टीवरच तेल दुधाळ असेल, तर इंजिन सुरू करू नका.

२. तेलाची पातळी पाहा. तेल न घालता पातळी वर चढली, तर काहीतरी आत येत आहे. तेल काळेच पण पातळ असून डिझेलचा वास येत असेल, तर ते पाणी नसून डिझेल आहे. तो दोष निराळा.

३. रेडिएटर पाहा. इंजिन गरम असताना त्याचे झाकण मुळीच उघडू नका. उकळते पाणी तोंडावर उडून माणसे भाजतात. थंड असताना पाणी कमी झालेले दिसले, किंवा वर तेलाचा तवंग दिसला, तर संशय दुसऱ्या वाटेवर धरावा.

४. चेंबरचा नट किंचित सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे रात्रीत मोकळे पाणी तळाशी बसते. प्रथम पाण्याची धार आली, तर पाणी पुष्कळ गेले आहे. ते स्वच्छ की कूलंटच्या रंगाचे, हेही पाहा. रंगीत असेल तर ते रेडिएटरचेच.

५. तेलाचे दोन थेंब तापलेल्या जुन्या पत्र्यावर टाका. फोडणीसारखे तडतडले तर त्यात पाणी आहे. ही परीक्षा घराबाहेर, पेट्रोल-डिझेलपासून दूर व तोंड लांब ठेवून करावी. स्वयंपाकाचा तवा घेऊ नये.

निकाल कसा लावावा?

साय फक्त झाकणाखाली, पातळी कायम आणि रेडिएटर भरलेला असेल, तर इंजिन उघडू नका. झाकण पुसून घ्या आणि गाडी एकदा चांगली लांब न्या. देवासहून इंदूर, किंवा धारहून मांडव, एवढी सुमारे ३५ किलोमीटरची फेरी पुरते. थर्मोस्टॅट काढलेला असेल तर परत बसवा. तेल जुने असल्यास बदला.

पट्टी दुधाळ आणि रेडिएटरचे पाणी कमी, अशी दोन्ही लक्षणे एकत्र असतील, तर गाडी ओढून न्या. चालवत नेऊ नका. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगला आधार देऊ शकत नाही. धातूवर धातू घासून क्रँक खराब होतो, आणि मग गॅस्केटच्या खर्चाचे काम पुऱ्या इंजिनाच्या खर्चावर जाते. सिलिंडरमध्ये पाणी साठले असताना सेल्फ मारल्यास पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरचे पाणी शिरले असेल, तरी हाच धोका. अशा वेळी नोझल किंवा प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढणे, आणि तेल व फिल्टर बदलणे हेच प्रथम कर्तव्य.

मिस्त्रीला काय सांगावे?

"हेड उघडा," असे सांगू नका. "आधी रेडिएटरला दाब देऊन पाहा," असे सांगा. हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या मापाइतका दाब द्यायचा आणि काटा उतरतो का ते पाहायचे. काटा उतरत असेल, तर चेंबर खोलून खालून बघावे. लायनरच्या बुडाशी थेंब दिसला तर रबरी रिंग. वरून ओघळ आला तर हेड किंवा गॅस्केट. हेड उतरवल्यास ते वाकले आहे का, हे सरळ पट्टीने तपासून घ्यावे. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही. बोल्ट ठरलेल्या क्रमाने व मापाच्या पान्यानेच आवळावेत. शेवटी स्वस्त तेल व नवा फिल्टर घालून इंजिन थोडा वेळ चालवावे, ते तेल काढून टाकावे आणि मगच चांगले तेल भरावे.

रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी भरू नये. त्याने आत क्षार धरतो, इंजिन तापते आणि पुन्हा गॅस्केट जळते. कंपनीने सांगितलेले कूलंटच वापरावे. यंत्राचे शास्त्रशुद्ध शिक्षण हवे असेल अशा तरुणांनी १९५५ साली सुरू झालेल्या बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेकडे चौकशी करावी.

आरोग्याची एक सूचना

कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असते. लहान मुले, कुत्री व गुरे ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून काढलेले कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नये, पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. कोणाच्या पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. जळके तेल बैलाच्या खांद्यावर वा खरजेवर लावण्याची चाल सोडावी. त्याने जखम बरी होत नाही आणि त्यातील घातक द्रव्ये जनावराच्या व आपल्याही कातडीत जातात. हे तेल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. झाकणाच्या डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याला द्यावे.

आठवड्यातून एकदा, इंजिन सुरू करण्यापूर्वी, पट्टी, झाकण आणि रेडिएटर या तीन जागा पाहाव्यात. जुनी गाडी विकत घेतानाही प्रथम याच तीन जागा पाहाव्यात. या कामाला दोन मिनिटे लागतात, आणि पेरणीचा मोसम हातचा जाण्याची वेळ टळते.