नव्या रहिवाशाचे नाव मतदारयादीत

ज्या गावी मनुष्य राहतो, त्या गावच्या कारभारात त्याचा शब्द असावा, हा न्याय कोणासही पटण्याजोगा आहे. पाणी, दिवाबत्ती, गटारे व रस्ते यांचे सुखदुःख जन्मगाव पाहून वाटले जात नाही. याच विचाराने स्वीडनने १९७६ साली, तेथे तीन वर्षे राहिलेल्या परदेशी रहिवाशांस स्थानिक निवडणुकीत मताधिकार दिला. इंग्लंडमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयासही, तो राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून, नाव नोंदवून मत देता येते. ज्यांची मुले तेथे आहेत, त्यांनी हे त्यांस अवश्य कळवावे.

आपल्या देशाचा नियम मात्र निराळा आहे. येथे मतदारयादीत केवळ भारतीय नागरिकाचेच नाव येऊ शकते. परदेशी शेजारी कितीही सज्जन असला, तरी नागरिकत्व मिळण्यापूर्वी त्याचे नाव घालण्यास साहाय्य करणे हे उपकार नसून अपकारच होय.

परंतु नागरिक असूनही परके राहिलेले पुष्कळ लोक आपल्या आदिलाबादेत आहेत. किनवट व राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते. राज्यांच्या सीमा बदलल्या, सोयरीक मात्र तुटली नाही. आजही पैनगंगेपलीकडून सुना येतात, नोकरदार व कारागीर कुटुंबे येतात. पण त्यांची नावे माहेरच्या वा मूळ गावच्या यादीतच राहतात. मतदानाच्या दिवशी ना तिकडे जाणे होते, ना इकडे मत देता येते.

यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या. १९५० च्या कायद्यानुसार, जो जेथे सामान्यतः राहतो तेथेच त्याचे नाव असावे. केवळ घर वा शेत असल्याने कोणी रहिवासी ठरत नाही. तसेच काही दिवस परगावी गेल्याने रहिवासही सुटत नाही. नाव कोठेच नसेल तर नमुना ६ भरावा. अन्यत्र असेल तर नमुना ८ भरून ते येथे आणावे, मग ते परराज्यात असले तरी चालते. वयाची १८ वर्षे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै वा १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेस पूर्ण झालेली असतील, तीवरून पात्रता धरतात. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. म्हणून निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये.

एकाच व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांत असणे कायद्यास मान्य नाही, आणि जाणूनबुजून खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या केरामेरी भागातील परमडोली, मुकदमगुडा आदी गावांत लोकांची नावे दोन्ही राज्यांच्या याद्यांत आढळतात. तेथे भूमीचाच वाद असल्याने त्या लोकांस दोष देता येत नाही. आपल्याकडे मात्र तशी सबब नाही.

आमची विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने प्रथम आपल्या घरच्या सुनेचे नाव यादीत पाहावे, नंतर शेजारच्या एका नव्या बिऱ्हाडाची विचारपूस करावी. ज्यांस तेलुगू वाचता येत नाही, त्यांच्यासमवेत बसून अर्ज भरून द्यावा. पण मत कोणास द्यावे, हे मात्र सांगू नये. अतिथीस आपण पाणी देतो. जो राहावयास आला, त्यास त्याचा हक्क मिळवून देणे हेही गृहस्थाचे कर्तव्यच आहे.