महिन्याच्या गोळ्या कमी पैशांत : भोर-वेल्ह्याच्या घरांसाठी कृती

बीपीची किंवा साखरेची गोळी एकदा सुरू झाली की बहुतेकांना ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते. खर्च झेपेनासा झाला की घरातलं म्हातारं माणूस कुणाला न सांगता एक दिवसाआड गोळी घेऊ लागतं, किंवा पाकीट संपलं की पुढच्या बाजारापर्यंत थांबतं. वाढलेलं बीपी दुखत नाही, त्यामुळे काही बिघडतंय हे कळत नाही. पुढे लकवा मारला किंवा किडनीवर गेलं की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसा पुण्याच्या दवाखान्यात जातो. गोळी बंद किंवा कमी न करता तिचा खर्च कसा उतरवायचा, त्याची ही कृती आहे. ती करायला एक मोकळी दुपार आणि डॉक्टरांची एक भेट पुरते.

आधी घरातली सगळी पाकिटं, शेवटची चिठ्ठी आणि शेवटचे रिपोर्ट एकत्र काढा. एका कागदावर प्रत्येक गोळीसाठी एक ओळ लिहा : कंपनीने दिलेलं नाव, आतल्या औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, कशासाठी. मूळ नाव पाकिटाच्या मागे सापडतं, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन 40 किंवा मेटफॉर्मिन 500. एकाच औषधाची गोळी असेल तर मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापण्याचा नियम 2018 पासून आहे. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरं असली तर तीही उतरवून घ्या. ती गोळी पोटात हळूहळू विरघळते. साधी गोळी तिच्या जागी चालत नाही.

मग एका गोळीची किंमत काढा. पाकिटाच्या किमतीवर जाऊ नका, कारण कुठल्या पाकिटात 10 गोळ्या असतात, कुठल्या 15. समजा एकावर 150 रुपये छापलेत आणि आत 15 गोळ्या आहेत, दुसऱ्यावर 120 आणि आत 10. वरवर दुसरं स्वस्त वाटतं, पण पहिल्यातली गोळी 10 रुपयांना पडते आणि दुसऱ्यातली 12 रुपयांना. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, म्हणून किंमत जुन्या पाकिटावरून न धरता ताज्या बिलावरून लिहा.

हा कागद घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, मेडिकलवर नंतर. माझ्या मते सगळ्यात मोठी बचत याच पायरीवर होते आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. डॉक्टरांना सरळ विचारा, "यातली कुठली गोळी कायमची आणि कुठली थोड्या दिवसांची?" शेजारच्या सातारा जिल्ह्यात डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात औषधांचा पुरवठा आणि वापर तपासला होता. नको तिथे दिलेली इंजेक्शनं आणि गरज नसलेली औषधं हा त्या अभ्यासातला एक मुद्दा होता. आजही कित्येक चिठ्ठ्यांवर कधीतरी सुरू केलेली ॲसिडिटीची गोळी किंवा टॉनिक तसंच चालू असतं, कारण ते थांबवायला कुणी सांगितलेलंच नसतं. अशी एखादी ओळ डॉक्टरांनी खोडली तर तेवढा खर्च पूर्णच गेला. मात्र कुठली ओळ खोडायची हे त्यांनीच ठरवायचं.

दुसरी विनंती अशी करा : "चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहाल का? दर महिन्याला झेपत नाही." यात संकोच कसला? वैद्यक परिषदेच्या नियमावलीतच औषध मूळ नावाने आणि वाचता येईल अशा अक्षरात लिहावं असं म्हटलेलं आहे. ही विनंती दुकानात करून भागत नाही, यालाही कारण आहे. औषध नियमावली 1945 प्रमाणे, चिठ्ठीवर एका कंपनीचं नाव असेल तर दुकानदाराला त्याच्या जागी दुसरं देता येत नाही, आतलं औषध तेच असलं तरीही. चिठ्ठीवर मूळ नाव आलं की त्याच औषधाचं कुठलंही चांगलं, स्वस्त पाकीट घ्यायला तुम्ही मोकळे होता.

आता औषध कुठून आणायचं? पहिलं ठिकाण सरकारी दवाखाना. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरलाही पैसे नाहीत. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, ग्रामीण रुग्णालय आहे, शिवाय नसरापूर, आंबवडे, नेरे, करंजावणे, पासली इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड ही रोजची औषधं सरकारी कार्यक्रमातलीच आहेत. जुनी चिठ्ठी, रिपोर्ट आणि तुमचा कागद सोबत न्या आणि महिन्याभराच्या गोळ्या मागा. एखादी शिल्लक नसेल तर माल कधी येणार ते विचारून ठेवा. गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना सांगून ठेवलं तर निरोप मिळतो. काही औषधांसाठी तर दुकानाची पायरी चढूच नये. क्षयरोगाची औषधं मोफत मिळतात. सर्पदंशावरच्या इंजेक्शनासाठी आणि कुत्रं चावल्यावरच्या लशीसाठीही सरकारी दवाखानाच गाठा, तोही ताबडतोब.

सरकारी दवाखान्यात जे मिळालं नाही, त्यासाठी जनऔषधी केंद्र. ही योजना 2008 साली सुरू झाली. तिथल्या औषधाची किंमत ठरवताना त्याच औषधाच्या आघाडीच्या तीन ब्रँडची सरासरी काढतात आणि फार तर तिच्या निम्मी किंमत लावतात. पुष्कळ गोळ्या त्याहूनही स्वस्त असतात. प्रत्येक खेप प्रयोगशाळेत तपासूनच केंद्रांवर जाते, त्यामुळे 'स्वस्त म्हणजे हलकं' ही भीती मनातून काढून टाका. मोबाइलवर 'जनऔषधी सुगम' हे ॲप उघडून मूळ नाव टाकलं की किंमत आणि जवळचं केंद्र दिसतं. ॲप जमत नसेल तर 1800 180 8080 वर विचारा. निघण्यापूर्वी केंद्राला फोन करून माल आहे का ते नक्की विचारा.

गोळीच्या किमतीत प्रवासही धरा. 80 रुपये वाचवायला रोज बुडवून स्वारगेटला जाणं परवडत नाही. बाईमाणसाला 17 मार्च 2023 पासून एसटीचं अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांपुढच्यांना प्रवास मोफत, तेव्हा घरातलं कोण जाईल ते त्या हिशेबाने ठरवा. त्याहून सोपं म्हणजे कात्रज-धनकवडीला कामाला असलेल्या मुलाला किंवा भाच्याला चिठ्ठीचा स्पष्ट फोटो पाठवा आणि गावी येताना दोन महिन्यांचं आणायला सांगा. शक्य असेल तर मूळ चिठ्ठीच त्याच्याकडे द्या.

गावातलं नेहमीचं मेडिकल सोडायला हवं असं नाही. मूळ नावाची चिठ्ठी दाखवून "यातलं कमी किमतीचं, पक्क्या बिलाचं कुठलं आहे?" असं विचारा. एक गोष्ट लक्षात ठेवा : काही जेनेरिक पाकिटांवर छापील किंमत भरमसाट असते, दुकानदाराला ते फार कमी दरात मिळतं आणि सूट किती द्यायची हे त्याच्या मर्जीवर असतं. तिथे छापील आकड्याला अर्थ नाही. हातात शेवटी गोळी कितीला पडते ते विचारा आणि आपल्या कागदाशी ताडून बघा. सरकारने बऱ्याच आवश्यक औषधांना कमाल किंमत लावून दिली आहे. त्याहून जास्त घेतले असं वाटलं तर 1800 111 255 वर तक्रार करता येते. त्यासाठी बॅच नंबर असलेलं बिल जपून ठेवा.

काही औषधांत मात्र ब्रँडची अदलाबदल स्वतःहून करायची नाही. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, फिटची औषधं, रक्त पातळ करणारं वॉर्फरिन, हृदयाचं डिगॉक्सिन. यांची मात्रा थोडी जरी इकडेतिकडे झाली तरी फरक पडतो. बदलायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून बदला आणि त्यांनी सांगितलेली रक्ततपासणी करून घ्या. अॅम्लोडिपिन आणि एस-अॅम्लोडिपिन यांच्यातही गल्लत होते, दुसऱ्याचे 2.5 मिलिग्रॅम साधारण पहिल्याच्या 5 इतके असतात. इन्सुलिनची बाब तर फार नाजूक आहे. पेनापेक्षा साधी ह्युमन इन्सुलिनची बाटली पुष्कळ स्वस्त पडते, पण कुठलं इन्सुलिन आणि किती युनिट हे डॉक्टरच सांगतील. आपल्याकडची बाटली बहुधा 40 युनिटची असते, तिला लाल टोपीची 40ची सिरिंजच लागते. 100ची सिरिंज वापरली तर मात्रा चुकते.

नवं पाकीट घरी आलं की त्याच औषधाचं जुनं पाकीट लगेच बाजूला काढा. हे विसरलं की नावं वेगळी दिसतात म्हणून आजी दोन्ही गोळ्या घेते आणि चक्कर येऊन पडते. नव्या पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरात 'बीपी, सकाळी एक' असं लिहून चिकटवा. दोन ते चार आठवड्यांनी आरोग्य केंद्रात बीपी किंवा साखर तपासून घ्या आणि आकडा त्याच कागदावर टिपा. आकडा वाढलेला दिसला तर डॉक्टरांना दाखवा, मनाने गोळी वाढवू नका.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यातच करा. केळद-पासलीच्या बाजूला किंवा हिर्डोशीच्या पलीकडे मुसळधार पावसात रस्ता बंद पडतो आणि वीज दिवसदिवस नसते. डॉक्टरांना सांगून दोन महिन्यांच्या गोळ्या आधीच आणून ठेवा, पाकिटावरची अंतिम तारीख बघूनच. गोळ्या ओल न लागणाऱ्या झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. वापरात असलेली बाटली गार, सावलीच्या जागी साधारण चार आठवडे टिकते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.