अंतराळातला वाफसा



यावेळच्या पाठाचा विषय ऐकून काहींना हसू येईल. गट कार्यालयात एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला तोंडावरच विचारले, "उसाच्या पत्रिकेत आभाळातली शेती कशापायी वो?" आम्ही म्हणालो, "आबा, पाठ पुरा वाचा. शेवटी आपल्याच सरीत येऊन पोचाल."

धारवाडचे मूग

सोलापूरहून निघून विजापूर, गदग, हुबळी मागे टाकले की धारवाड येते. तिथल्या कृषी विज्ञान विद्यापीठाने आणि आय.आय.टी.ने मिळून एक प्रयोग आखला. २५ जून २०२५ रोजी भारताचे शुभांशू शुक्ला अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर मूग आणि मेथीचे बी गेले. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात त्यांनी त्या बियांना पाणी दिले, मोड आणले आणि पुढच्या तपासणीसाठी ते शीतपेटीत ठेवले. १५ जुलैला ते पृथ्वीवर परतले.

त्याच्या सहा महिने आधी आपल्या इस्रोने चवळी पाठवली होती. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या यानावर एका बंद पेटीत चवळीचे ८ दाणे होते. पाणी घालायला सोबत माणूस नव्हता, सारे काम यंत्राचे. चार दिवसांत दाण्यांना मोड आले आणि पुढे दोन-दोन पानेही फुटली.

मूग, मेथी, चवळी! आपल्या घरातल्या डब्यातलेच हे जिन्नस.

एवढा खटाटोप कशाला?

अंतराळवीर पाकिटातले सुके अन्न खातात. पोट भरते, पण अन्न साठवून ठेवले की त्यातले काही जीवनसत्त्व हळूहळू कमी होते, विशेषतः 'क' आणि 'ब-१'. मंगळावर जाऊन परत यायला सुमारे तीन वर्षे लागतील. वाटेत बाजार नाही, की मागून कोणी शिदोरी पाठवणार नाही. पूर्वी लांबच्या सफरीवर गेलेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचे, माणसे दगावायची, ती ताजे न मिळाल्यामुळेच. म्हणून चार पाने का होईना, वाटेतच पिकवता आली पाहिजेत. शिवाय लोखंडी पिंपात महिनोन् महिने कोंडलेल्या माणसाला डोळ्यांपुढे हिरवे दिसले की बरे वाटते, हे वेगळेच.

पाणी खाली उतरत नाही

आता पाठाचा मुख्य भाग. हे स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचावर आहे. सोलापूरहून मुंबई जितकी लांब, साधारण तितके उंच. तिथे पृथ्वीची ओढ संपलेली नसते, बरीचशी शिल्लकच असते. पण स्थानक पृथ्वीभोवती फिरता फिरता सतत पडतच असते. विहिरीवर मोटेचा नाडा तुटला, तर मोट आणि तिच्यातले पाणी एकदमच खाली येते. तेवढा वेळ पाण्याचा भार मोटेच्या बुडावर पडत नाही. स्थानकात ही अवस्था अष्टौप्रहर असते.

त्यामुळे तिथे पाणी उतारावरून वाहत नाही आणि खाली निचरतही नाही. त्याचा गोळा होतो आणि जिथे चिकटेल तिथे तो चिकटून बसतो. मुळीभोवती बसला की मुळीला गुदमरवतो, कारण मुळीलाही श्वास घ्यावा लागतो. आपल्या रानात पाणी मातीच्या कणांमधून खाली जाते आणि रिकाम्या झालेल्या जागेत हवा शिरते. ओल आणि हवा दोन्ही जिथे बरोबरीने नांदतात, त्यालाच आपण वाफसा म्हणतो. अंतराळात पाण्याला भरपूर पैसे मोजता येतील, पण वाफसा आपोआप येत नाही. तो करावा लागतो.

तो कसा करतात? अमेरिकेच्या नासाने २०१४ साली स्थानकात 'व्हेजी' नावाचा छोटा वाफा बसवला. उशीसारख्या पिशव्यांत भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडे भरतात, सावकाश विरघळणारे खत घालतात आणि वातीतून ओल देतात. समईची वात तेल ओढते, तसेच हे काम चालते. ऊन म्हणून तांबडे, निळे आणि हिरवे दिवे असतात. तिथे गरम हवा आपणहून वर जात नाही, म्हणून पानांभोवतीचा दमटपणा हलवायला पंखा लागतो. १० ऑगस्ट २०१५ रोजी त्या वाफ्यातली लाल लेट्यूसची पाने अंतराळवीरांनी प्रथमच अधिकृतपणे खाल्ली. २०२१ साली तर स्थानकातल्या दुसऱ्या एका मोठ्या पेटीत मिरची आली! जुलैत बी लावले आणि ऑक्टोबरअखेर पहिला तोडा झाला.

झिनियाची गोष्ट

मधल्या काळात एक फजिती झाली, ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०१५ च्या अखेरीस याच वाफ्यात झिनियाची फुलझाडे लावली होती. पाणी जास्त झाले, पानांवर पाणी साचू लागले आणि बुरशी धरली. पंखा वाढवला, तर मग रोपे सुकू लागली. पाणी कधी द्यायचे याचे वेळापत्रक खाली पृथ्वीवर ठरलेले होते. तेव्हा अंतराळवीर स्कॉट केली यांनी सांगितले की, घरच्या बागेत आपण झाडाकडे बघून पाणी घालतो, तसेच इथेही असावे. खालच्यांनी ते मानले. वेळापत्रक बाजूला ठेवून ते रोज रोपे बघून पाणी देऊ लागले. काही रोपे गेली, काही वाचली, आणि जानेवारी २०१६ मध्ये फूल उमलले.

आता आपल्या सरीत या

बंधूंनो, अंतराळात जी अडचण निसर्गाने घातली, ती आपण आपल्या रानात स्वतःच्या हाताने ओढवून घेतो. पाळी आली की गरज असो नसो, पाट सोडायचा. "पुढची पाळी कवा मिळंल कुणाला ठावं?" ही धास्ती आम्हाला कळते, कारण आम्हीही शेतकरीच आहोत. पण उजनीच्या कालव्यालगत चिबड झालेली राने आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पाणी साचले की मुळीची हवा तुटते. टाकलेल्या युरियातले नत्र वायू होऊन उडून जाते. खालचे क्षार ओलीबरोबर वर येतात आणि जमीन खारवते. पिवळा पडलेला ऊस बघून आपण म्हणतो, खत कमी पडले. खरे तर मुळी गुदमरलेली असते.

स्थानकात लघवी, घाम आणि श्वासातली वाफ गोळा करून पाणी पुन्हा वापरतात. २०२३ साली असे ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. आपल्यालाही थेंबाचा हिशेब नवा नाही. कोरडवाहू शेतीचे संशोधन आपल्या सोलापुरात १९३३ पासून चालू आहे. उसाला ठिबक केले तर पाण्यात साधारण ४० ते ५० टक्के बचत होते, आणि मुळीशी वाफसा टिकतो तो वेगळा लाभ.

घरी करून पहा

१. दोन सारखे डबे घ्या. एकाच्या बुडाला भोके पाडा, दुसऱ्याला नको. दोन्हींत सारखी माती आणि चवळीचे पाच-पाच दाणे घाला. रोज सारखे, भरपूर पाणी द्या. दहा-बारा दिवसांनी रोपे उपटून मुळ्या पहा. पोरांना हाताशी घ्या, त्यांना शाळेतही सांगता येईल.

२. पाणी सोडण्याआधी वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, पाणी थांबवा. माती हाताला चिखलासारखी चिकटली, तर पाण्याचे नावच नको, आधी निचऱ्याची चर काढा. गोळाच झाला नाही, तर पाणी द्या.

पाळी कालव्याच्या वेळापत्रकाने येते, हे खरे. पण आलेले सगळे पाणी सरीतच सोडले पाहिजे, असे कोठेही लिहिलेले नाही. शेततळे असेल तर साठवा, नसेल तर आळीपाळीने एकाआड एक सरी भिजवा.

धारवाडच्या मुगाला आभाळात वाफसा मिळावा म्हणून एवढी माणसे झटतात. आपल्या उसाला तो जमिनीने फुकट दिलेला आहे. तो बुडवू नये, एवढेच आमचे सांगणे.